जीप आणि चार लिंबं

वाहनं आपापसात बोलत, पण माणसांना ते ऐकू येत नसे, त्या काळची ही गोष्ट. घाटातल्या एका गावात जयसिंगरावांची म्हातारी जीप होती. दसऱ्याला त्यांनी तिला नवी, जाडजूड चाकं बसवली, झेंडूचे हार घातले आणि प्रत्येक चाकाखाली एकेक लिंबू ठेवलं.

"आता बघ, कुठलाही कडा चढवतो तुला," पुढचं चाक म्हणालं.

जीप भडकली. "माझे बोल्ट जुन्या, पातळ चाकांच्या मापाचे आहेत. तुझ्या जाडीतून त्यांचं जेमतेम टोक बाहेर येतं. नट दोन आट्यांवर लटकलेत. उतारावर तू निसटशील आणि दरीत सगळेच जाऊ."

"लिंबू ठेवलंय ना."

"लिंबू काय नट धरून बसणार आहे? यांना लिंबं आणायचं सुचलं, लांब बोल्ट आणायचं नाही."

जयसिंगरावांनी चावी फिरवली. जीप घुरघुरली आणि मुद्दाम बंद पडली. त्यांनी ढकललं, शिव्या घातल्या, पण ती तसूभर हलली नाही. वैतागून त्यांनी चाकाला लाथ घातली, तर चाक डुगडुगलं. नट बोटांनीच निघून हातात आला.

मग लांब बोल्ट आले, नट पान्याने कचकचून आवळले गेले. जीप लगेच सुरू झाली आणि लिंबं चिरडत अख्खा घाट उतरून आली.

संध्याकाळी जयसिंगराव पारावर सांगत होते, "लिंबांनी वाचवलं बघा."

शेजारी उभ्या जीपचा भोंगा आपोआप वाजू लागला. तो काही केल्या थांबेना.