धुरपाची होडी आणि खाडीचं पाणी

एकदा काय झालं, खाडीकाठच्या एका गावात धुरपा नावाची होडीवाली राहत होती. गावात होडी पाण्यात लोटायला एकच दगडी उतार होता. एका वेळी एकच होडी मावायची. भरतीचं पाणी उताराला येऊन लागायचं, आणि ओहोटी लागली की मागं जायचं. मग उरायचा नुसता चिखल.

धुरपाची एक रीत होती, बरं का. वल्ही, दोर, सामान, सगळं ती वरच झाडाखाली होडीत नीट लावून ठेवायची. पाळी आली की होडी लोटायची, उडी मारून बसायची आणि दुसऱ्याला वाट मोकळी करायची.

एक दिवस पलीकडच्या गावात तिच्या धाकट्या बहिणीचं, मथीचं लग्न होतं. नवरीची हळद दळून न्यायचा मान धुरपाचा. हळदीचं गाडगं घेऊन, नवं लुगडं नेसून ती सकाळीच उतारावर आली. बघते तर पुढे तिघंजण.

पहिला होता दगडू कुंभार. होडी मधोमध उभी करून हा एकेक मडकं आणून भरतोय. धुरपाला घाई होती, पण ती ओरडली नाही. म्हणाली, "दगडूदादा, मी देते, तुम्ही रचा." दोघांनी भराभरा मडकी रचली आणि दगडू गेला.

मग आला सावळामामा. त्याच्या दोराला ही एवढी गाठ. तो ओढतोय, गाठ आणखी घट्ट होतेय. पाणी एकेक दगड खाली उतरत होतं. धुरपाला आतून राग आला, बरं का, पण रागानं काही गाठ सुटत नाही. तिनं खाली बसून नखांनी गाठ सोडवली, आणि मामाही गेला.

आता राहिली एक म्हातारी. हिरवं लुगडं, पांढरे केस, आणि अंगाला ओल्या शेवाळाचा वास. तिची होडी अर्धी पाण्यात, आणि तळाच्या भोकातून पाणी भळाभळा आत.

"बाय गं, बूच लावायला विसरले," म्हातारी म्हणाली.

दोघींनी होडी वर ओढली, पाणी उपसलं. पण बूच काही सापडेना. मग धुरपानं काय केलं? नव्या लुगड्याचा पदर टरकन फाडला, त्याचा बोळा करून भोकात घट्ट बसवला. म्हातारीची होडी तरंगली.

पण तोवर ओहोटी पुरी झाली. पुढे चिखलच चिखल. धुरपा उतारावर बसली. तिचे डोळे भरून आले. हळदीवाचून मथीचं लग्न अडणार.

लांब गेलेली म्हातारी वळली. म्हणाली, "सगळ्यांना वाट दिलीस, मग तुझी कोण अडवेल? बस होडीत."

मग काय नवल! म्हातारी पाण्यात विरघळून गेली. ती खाडीच होती, दुसरं कोण? आणि चिखलावरून पाण्याची एक चिंचोळी वाट निघाली. वासराकडे गाय यावी तशी हळूहळू उतार चढून आली, धुरपाच्या होडीखाली शिरली आणि तिला अलगद उचलून पलीकडे घेऊन गेली.

मथी मांडवाच्या दारात वाट बघत होती. "ताई, पदर कुठंय तुझा?" तिनं विचारलं.

"खाडीला आहेर केला," धुरपा म्हणाली, आणि तिनं बहिणीच्या गालांना हळद लावली.

लग्न थाटात झालं. आणि हो, तेव्हापासून त्या गावात सगळेच झाडाखाली सामान लावून, बूच बघून मगच उतारावर येतात. कुणी अडला तर मागचा पुढे होऊन हात देतो. धुरपा, मथी, दगडू, सावळामामा, सगळी सुखात राहिली.

चला, आता थोडं थोडं सरका, एकमेकांना पांघरुणात जागा द्या, आणि मिटा डोळे.