चौदा आणि सत्तावीस

एकदा एका नगरात निवडणुकीचा कौल घेण्याचे काम एका वृद्ध आचार्यांच्या मठाकडे होते. नगराचे नाव सांगत बसत नाही. वाचणाऱ्याला ते आपलेच वाटण्याचा संभव आहे. दर पाच वर्षांनी तेथे नगराध्यक्षाची निवड होई. निवडीच्या महिनाभर आधी मठाचा माणूस दर सातव्या घराचे दार ठोठावी आणि अशा शंभर घरांना विचारी, "मत कोणाला?" मिळालेले आकडे वेशीजवळच्या काळ्या शिळेवर खडूने लिहिले जात. ज्याला शंभरात पंधरा घरे मिळतील, त्याला सभेच्या दिवशी पारावर बसून बोलता येई. ज्याला कमी मिळतील त्याने गर्दीत बसून ऐकायचे, तोंड उघडायचे नाही. मात्र प्रत्यक्ष मतदानात कोणी पंधरा गाठले, तर पुढच्या निवडणुकीत पारावरची त्याची जागा कौलाशिवाय पक्की होई.

पिढ्यान्‌पिढ्या त्या पारावर दोघेच बसत आले होते, एक वरच्या पेठेचा आणि एक खालच्या पेठेचा. सभेत ते एकमेकांवर असे तुटून पडत की ऐकणाऱ्याला वाटावे, हे जन्माचे वैरी आहेत. रंगाच्या भट्ट्यांचा विषय निघाला की मात्र दोघांनाही एकदम खोकला येई. कारण भट्ट्यांमध्ये दोन्ही पेठांतल्या बड्या घरांची भागी होती, आणि भट्ट्यांचे पाणी नगराच्या पिण्याच्या तळ्यात उतरत होते.

त्या वर्षी तिसरे नाव पुढे आले, गोदाक्का सुईणीचे. नगरातल्या निम्म्या माणसांना या जगात पहिला हात लागला होता तो तिचा. तिचे म्हणणे अगदी थोडक्यात होते. "मी लेकरं हातात घेते आणि दोन वर्षांत हे तळं ती परत नेतं. मला एकदा पारावर बसू द्या. या दोघांना सगळ्यांदेखत विचारते, भट्ट्या कधी हलवता ते."

दोन महिन्यांपूर्वी मठाने सहज चाचपणी केली तेव्हा तिला बावीस घरे मिळाली होती. आता खरा कौल घ्यायला आचार्यांनी आपल्या शिष्याला धाडले. शिष्य पंचविशीतला, नेटका, आणि आपल्या नेटकेपणावर जरा जास्तच खूश असलेला. तळ्याकाठच्या घरात वाढलेला असल्यामुळे मनातून तो गोदाक्काच्या बाजूचा होता. तरी कौलात मन आणायचे नाही, हे त्याला पक्के ठाऊक होते. चार दिवस फिरून तो परतला तो चेहरा पाडून.

"गोदाक्काला नऊच," तो म्हणाला.

आचार्यांनी विचारले, "प्रश्न कसा विचारलास?"

"विचारलं, वरच्या पेठेला की खालच्या पेठेला? ज्यांना तिसरं नाव घ्यायचं होतं त्यांनी ते आपणहून घेतलं."

"तिचं नाव तू का नाही घेतलंस?"

"गुरुजी, लढत त्या दोघांतच आहे, असं सगळेच म्हणतात. म्हणून…" वाक्य पुरे होण्याआधीच शिष्याच्या कानशिलांना ऊब आली. दोन ताटे मांडून तिसऱ्याला तुम्ही का जेवला नाहीत असे विचारण्यातला हा प्रकार होता.

तो उठला. उन्हाळ्याचे दिवस होते, तळवे भाजत होते. त्याच शंभर दारांवर तो पुन्हा उभा राहिला. तिन्ही नावे घेतली, आणि दर घरी पहिले नाव बदलून घेतले, म्हणजे आधी ऐकलेल्या नावाकडे कोणाचा कल जाऊ नये. लोक वैतागले. एका शिंपिणीने तर हात जोडले. "अहो, परवाच येऊन गेलात ना? मेलं आमचं मत काय दोन दिवसांत बाळसं धरतंय?" पण शिष्य ढळला नाही. उत्तराशिवाय आणखी काय कानावर पडते तेही तो वहीत टिपू लागला. एक वाक्य पुन्हा पुन्हा येत होते, 'बाई चांगली, पण निवडून येत नाही.' ते जिथे जिथे ऐकले त्या ओळीपुढे त्याने एक टिंब दिले.

बेरीज झाली. वरची पेठ पंचेचाळीस, खालची पेठ एक्केचाळीस, गोदाक्का चौदा.

एक कमी. शिष्याने तीन वेळा मोजले, तिन्ही वेळा चौदाच. त्याच्या मनात नको तो विचार येऊन गेला. शंभर ओळींतली एक ओळ बदलली तर कोणाला कळणार आहे? त्या एका ओळीवर तळ्याकाठची किती पोरे वाचतील! तो वही घेऊन आचार्यांसमोर बसला आणि एवढेच म्हणाला, "एक कमी पडतो, गुरुजी."

आचार्यांनी बेरजेकडे पाहिलेही नाही. ते म्हणाले, "पहिल्या ओळीपासून वाच. सगळ्या शंभर. मोठ्याने."

शिष्याला हे कोडेच वाटले. बेरीज समोर असताना ओळी वाचून काय होणार? पण गुरूंची आज्ञा. तो वाचत गेला. कासाराचे घर, वरची पेठ. तेल्याचे घर, गोदाक्का. शिंपिणीचे घर, खालची पेठ, टिंब. शिष्याचा घसा कोरडा पडला तरी आचार्य डोळे मिटून ऐकत होते. त्रेसष्टाव्या ओळीवर शिष्य वाचता वाचता अडखळला.

"वाच," आचार्य म्हणाले.

"मठ," शिष्य हळूच म्हणाला. "उत्तर देणारा, मी स्वतः. वरची पेठ." आणि मग ओळीपुढे बोट ठेवून, "टिंब."

सातवे घर मोजता मोजता मठाचीही पाळी आली होती. दाराशी उभ्या उभ्या त्याने स्वतःलाच विचारले होते आणि स्वतःच लिहिले होते. बाई चांगली, पण निवडून येत नाही. मग मत वाया कशाला घालवायचे?

"ती निवडून येत नाही, हे तुला कोणी सांगितलं?" आचार्यांनी विचारले.

"सगळेच म्हणतात."

"आणि ते सगळे कुठून शिकले? शिळेवरून. शिळेवर कुठून आलं? त्यांच्याच तोंडून. पंगत बसली आहे, पानं वाढून झाली आहेत, पोटात भूक आहे, आणि जो तो शेजाऱ्याचा हात उठतो का ते पाहतो आहे. तिसऱ्याचं असंच होतं. मात्र उगाच भाबडा होऊ नकोस. दोन महिन्यांपूर्वीचे बावीसही सगळे तिचे नव्हते. त्यांतले काही दोघांवर रुसलेले होते; रुसवा गेला, ते आपल्या पेठेत परतले. टिंब दिलेल्यांतही काही नुसते तोंडदेखलं चांगलं म्हणणारे असतील. कोण खरा आणि कोण तोंडदेखला, हे तुला दारात उभं राहून कळणार नाही. तुला फक्त एकाच माणसाचं मन उघडून पाहता येत होतं, आणि तेवढंच तू पाहिलं नाहीस."

शिष्याने झटकन लेखणी उचलली. "मग माझी ओळ मी बदलतो! यात खोटं काहीच नाही, माझं खरं मत तेच आहे."

आचार्यांनी वहीवर हात ठेवला. "विचारलं तेव्हा दिलंस ते उत्तर. आता तुला बेरीज माहीत आहे. आज इतर नव्याण्णवांना ही सवलत देणार आहेस का?"

शिष्याची लेखणी खाली आली. 

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने शिळेवर तिन्ही आकडे लिहिले. खडू खाली ठेवतो तोच मागून आवाज आला. गोदाक्का एका बाळंतिणीच्या घरून परतत होती. तिला वाचता येत नव्हते.

"किती रे?"

"चौदा, आक्का."

"म्हणजे एकानं हुकलं."

तो पुढे काही न बोलता निघून जाऊ शकला असता. पण तो वळला आणि तिच्या डोळ्यांत पाहून म्हणाला, "तो एक मी होतो, आक्का. मला तुम्हीच हव्या होत्या. पण वाटलं, तुम्ही काही निवडून येत नाही."

गोदाक्काने हातातले गाठोडे शिळेच्या कडेला टेकवले. ती रागावली नाही, आणि हेच त्याला अधिक लागले.

"तुझी आई दोन दिवस अडली होती," ती म्हणाली. "तुझा आजा, तुझी आत्या, झाडून सगळं घर म्हणत होतं, पोर काही हाती लागत नाही, आता बाईला तेवढं वाचवा. मी त्यांचं ऐकून उठले असते, तर आज ही शिळा लिहायला कोण आलं असतं?"

तिने गाठोडे उचलले आणि ती आपल्या वाटेने गेली.  शिष्याने तिथेच वही उघडली, टिंबे मोजली, खडू घेतला आणि चौदाच्या खाली ठसठशीत अक्षरांत लिहिले, 'बाई चांगली, पण निवडून येत नाही, असे म्हणून दुसऱ्यास मत देणारी घरे: सत्तावीस. त्यांतले एक कौल घेणाऱ्याचे.'

दुपारी आचार्य वेशीपर्यंत काठी टेकत आले. त्यांनी वाचले. "हे वहीत होतं?"

"होतं, गुरुजी. एकूणएक."

"मग राहू दे."

त्या आठवड्यात शिळेपुढे थांबणारी माणसे पूर्वीपेक्षा जास्त वेळ थांबू लागली.  चौदा आणि सत्तावीस यांची बेरीज करायला फारसे शिक्षण लागत नाही, आणि आपण त्या सत्तावीसांतले आहोत का, हे ज्याचे त्याला ठाऊक होते. सभेच्या दिवशी गोदाक्का नियमाप्रमाणे गर्दीत, मुकाट बसली. पारावरच्या दोघांना खोकला आला, तेव्हा मात्र पहिल्यांदाच सगळे लोक वळून तिच्याकडे पाहू लागले.

मतदानात ती हरली. वरची पेठ जिंकली, आणि गोदाक्का तिसरीच राहिली. तिला शंभरात सतरा मते पडली. पुढच्या खेपेची पारावरची जागा पक्की झाली.

ते कळले तेव्हा ती म्हणाली, "पाच वर्षं म्हणजे काय फार नाहीत. मी जुनी सुईण आहे, थांबेन." आणि तळ्याकाठी कोणाचे तरी दिवस भरले होते, म्हणून तिकडे निघून गेली.

पुढे तो शिष्य स्वतः आचार्य झाला. कौल घ्यायला निघण्यापूर्वी तो मठाच्या दाराशी थांबे, शेजारी कोण काय म्हणतो ते बाजूला ठेवी, आणि 'मत कोणाला?' हा प्रश्न आधी मोठ्याने स्वतःला विचारी. उत्तर आल्यावरच तो पहिल्या घराकडे वळे.