निजफुलाचा आधार

ढगांनी वाटेत टेकावं एवढ्या उंचीवर एक पठार होतं. त्या पठारावरच्या गावात कुंदाताई नावाच्या एक बाई राहत. दुपार कलली की पठारावर धुकं येई. घरं एकेक करून नाहीशी होत. रस्त्यानं जाणारी माणसं दिसत नसत, नुसती ऐकू येत. कुंदाताईंना ते आवडायचं. उभा जन्म त्यांनी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढला होता. न दिसणाऱ्या माणसांची त्यांना सवय होती.

निवृत्त झाल्यावर त्यांनी एक काम अंगावर घेतलं. इंटरनेटवर एक ज्ञानकोश होता. तो कुणा एका पंडिताचा नव्हता. कुणीही यावं, आपल्याला माहीत असेल ते लिहावं, आणि कशावरून लिहिलं तो आधार खाली द्यावा, असा तिथला रिवाज होता. आधार खरा की खोटा हे पाहणारी माणसंही त्यातलीच, बिनपगारी. कुंदाताई आपल्या मुलखाची पानं पाहत. डोंगर, ओढे, पाखरं, फुलं.

त्या फुलांतलं एक होतं निजफूल. पाऊस सरता सरता ते फुलायचं. फिकट जांभळं, नखाएवढं. ऊन उतरलं की पाकळ्या मिटून मान टाकायचं, आणि सगळं पठारच डुलकी लागल्यासारखं दिसायचं. कोशातल्या पानावर लिहिलं होतं, 'या फुलांचा काढा घेतल्यास शांत झोप लागते.' वाक्यापुढे आधाराचा आकडा होता, तो दाबला की मूळ लेख उघडे. आकडा आहे म्हणजे आधार असणारच, असं धरून कुंदाताई पुढे गेल्या होत्या.

खरं तर त्यांना ते वाक्य आवडलं होतं. यजमान गेल्यापासून त्यांची झोप उडाली होती. त्या वर्षी त्यांनी थोडी फुलं उशाशी ठेवली आणि त्या गाढ झोपल्या. स्वप्नात त्या जांभळ्या धुक्यातून चालत होत्या, आणि पाय जमिनीला लागत नव्हते. एवढं झाल्यावर ते वाक्य उकरून पाहावं असं कुणाला वाटेल?

एका सकाळी शेजारचा रोहिदास दारात येऊन उभा राहिला. त्याची मुलगी अजून रांगतही नव्हती. तिनं घर डोक्यावर घेतलं होतं. झोपत नव्हती, दूध घेत नव्हती, नुसती रडत होती. रोहिदासचे डोळे तांबारले होते आणि ओंजळीत निजफुलं होती.

"काकू, काढा किती द्यायचा तेवढं सांगा. एवढ्याशा जिवाला चमचाभर पुरेल ना?"

"काढा द्यायला कुणी सांगितलं तुला?"

"कोशात लिहिलंय की. आणि तो तुम्ही तपासता. तुमच्या नजरेखालून गेलंय म्हटल्यावर आणखी कुणाला विचारू?"

'दे चमचाभर' म्हणणं सोपं होतं. त्यांचा स्वतःचा अनुभवही तेच सांगत होता. पण समोर फुलं होती, आणि फुलांमागे एक तान्हं लेकरू होतं.

"रोहिदास," त्या म्हणाल्या, "ते वाक्य मी तपासलेलं नाही. नुसतं वाचलंय. काढा देऊ नकोस. पोरीला आधी दवाखान्यात ने."

"म्हणजे ते खोटं आहे?"

"मला माहीत नाही. म्हणून तर देऊ नको म्हणते."

"तुम्ही स्वतः उशाशी घेऊन झोपता, सगळ्या आळीला ठाऊक आहे."

"उशाशी घेतली बाबा, पोटात नाही. आणि मला झोप लागली म्हणून ती फुलानंच लागली, असं मी कशावरून म्हणू?"

रोहिदास फुलं ओट्यावर ठेवून निघून गेला. चिडून गेला की दवाखान्यात गेला, तेही कळेना.

कुंदाताई आत आल्या आणि तो आकडा त्यांनी पहिल्यांदाच उघडला. एका वर्तमानपत्रातला लेख निघाला. भाषा मोठी गोड होती. त्यांनी खटपट करून लेखकाचा नंबर मिळवला.

"काढ्याची माहिती होय?" तो म्हणाला. "अहो, ती तर मी तुमच्या ज्ञानकोशातूनच घेतली."

कुंदाताई फोन हातात धरून बसून राहिल्या. कोश लेखाकडे बोट दाखवत होता, लेख कोशाकडे. दोन माणसं धुक्यात एकमेकांचा हात धरून उभी असावीत, आणि दोघांनाही वाटावं की वाट दुसऱ्याला माहीत आहे, तसं झालं होतं.

त्यांनी ते वाक्य पानावरून काढलं. मग पानावर कुणी कधी काय लिहिलं त्याचा जुना इतिहास चाळला. मूळ वाक्याला आधारच नव्हता, लेखाचा आकडा मागून कुणी तरी जोडला होता. वाक्य सगळ्यांत आधी लिहिणाऱ्यानं 'सांजवारा' असं नाव घेतलं होतं. कुंदाताईंनी आपला नंबर देऊन निरोप टाकला. दुपारी त्याचाच फोन आला. खाली घाटापलीकडच्या गावात राहणारे मुकुंदराव नावाचे वयस्क गृहस्थ होते ते.

"काढलंत का वाक्य?" ते दुखावून म्हणाले. "ते माझ्या आईच्या गाण्यातलं आहे. त्या गाण्यावर मी लहानाचा मोठा झालो."

"म्हणून दाखवाल मला?"

पलीकडे एक कापरा आवाज गाऊ लागला.

"नीज नीज निजफुला, उन्हं गेली पार,
तुझ्यासंगं निजू दे माझा सुकुमार."

खिडकीबाहेर धुकं दाटून आलं होतं. तो आवाज घाटाखालून नव्हे, फार जुन्या कुठल्या तरी संध्याकाळीतून येतोय असं कुंदाताईंना वाटलं. डोळ्यांवर पेंग आली. विचारू नये, हे असंच राहू द्यावं, असंही वाटून गेलं. तरी त्यांनी विचारलं.

"मुकुंदराव, यात फूल झोप देतं असं कुठं आहे? यात तर फूलच झोपतंय."

"अं? हो... खरंच की." ते गोंधळले. "पण मला झोप लागायची हो. गाणं संपायच्या आत."

"ती फुलानं लागायची?"

"नाही," ते हळूच म्हणाले. "आमच्या घरात फूल नव्हतंच. आई होती."

संध्याकाळी रोहिदास आला. मुलगी त्याच्या खांद्यावर मान टाकून झोपली होती.

"काकू, कान आतून सुजला होता तिचा. औषध दिलंय. डॉक्टर म्हणाले, गुंगी आणणारं काही पाजलं असतं तर पोर गप्प पडली असती. आम्हाला वाटलं असतं, झोपली. आणि दुखणं आत वाढत राहिलं असतं."

कुंदाताईंनी त्या लेकराच्या पाठीवरून हात फिरवला.

पुढे त्यांनी वनस्पतींचे ग्रंथ धुंडाळले. निजफूल कधी उमलतं, कधी मिटतं याला पक्का आधार सापडला. काढ्याला एकही नाही. झोपेचं औषध म्हणून फुलांच्या पुड्या विकणाऱ्या गावकऱ्यांनी त्यांच्याशी बोलणं टाकलं. तरी वाक्य परत आलं नाही.

मुकुंदरावांनी एकदा भीत भीत विचारलं, "आईचं गाणं तरी पानावर घ्याल का?"

"ते कुठं छापलंय? कुणी ऐकून नोंदवलंय?"

"नाही. फक्त मला आठवतं."

कुंदाताईंना 'हो' म्हणावंसं फार वाटलं. "मग नाही घेता यायचं," त्या म्हणाल्या.

"बरोबर आहे," मुकुंदराव म्हणाले. "राहू दे मग माझ्यापाशीच."

निजफुलाचं पान आता लहानसं झालं होतं. पण त्यातल्या प्रत्येक शब्दावर निर्धास्तपणे पाय ठेवता येत होता.

तात्पर्य: मनाला गोड वाटते म्हणून कुठलीही गोष्ट खरी ठरत नाही, दुसऱ्याच्या ओंजळीत घालण्याआधी ती मुळापर्यंत जाऊन पाहावी, आणि मूळ सापडलं नाही तर 'मला माहीत नाही' असं सांगावं.