तरंगणारी राजकन्या आणि ताठ मानेचा राजा

एका राज्यात मान वर करायला बंदी होती. प्रजेला नव्हे हो, राजाला! मुकुट घसरून जमिनीला लागला तर वंश बुडेल, असं कुण्या पूर्वजाने लिहून ठेवलं होतं आणि सात पिढ्यांनी ते इमानेइतबारे पाळलं होतं. राजा उत्तुंगसेनाने तर जन्मात आभाळ पाहिलं नव्हतं. पाऊस आला की तो प्रधानाला विचारी, "हे येतं कुठून?"

एकदा धूमकेश नावाचा मांत्रिक उडत्या घोंगडीवर बसून दरबारात अवतरला. सगळ्यांनी वर पाहून हात जोडले. राजाने समोरच्या खांबाला नमस्कार केला. मांत्रिकाच्या अंगाचा तिळपापड झाला. "तुला वर पाहण्याचं वावडं ना? मग तुझी लेकच वर जाईल," असा शाप देऊन तो निघून गेला.

त्या दिवसापासून सात वर्षांची राजकन्या मंदारिका रोज वीतभर वर जाऊ लागली. तिच्या कमरेला दोर बांधला, काठीच्या टोकाने तिला लाडू भरवले. राजा पैंजणांच्या आवाजावरून ती कुठे आहे ते ओळखी आणि एकटा असला की रडे.

महिन्याभराने खिडकीत एक पिंगळा येऊन बसला. म्हणाला, "राजा, उद्या सूर्य उगवताच दोर तुटेल. त्याआधी लेकीला घेऊन टेकडीवर जा. आभाळात तीन गोष्टी पाहा. शुक्राची चांदणी, कृत्तिकांचा पुंजका आणि तिसरी, तुझी स्वतःची."

सूर्य कासराभर वर आल्याशिवाय राजाने कधी अंथरूण सोडलं नव्हतं. पण त्या दिवशी तो कोंबड्याच्याही आधी टेकडीवर पोचला. हातात दोर, बगलेत परात, खांद्याला पाण्याची पखाल. परातीत पाणी ओतून तो ऐटीत म्हणाला, "हा पाहा शुक्र!"

"परातीतला चालायचा नाही," झुडपातून पिंगळा म्हणाला.

"आबासाहेब, समोर पाहा," वरून राजकन्या म्हणाली. "आता जरा वर. आणखी जरा."

राजाने पाहिलं आणि तो थक्क झाला. "एवढा लखलखीत दिवा कुणी लावला?"

"तो कितीतरी दिवस तिथंच आहे, आबासाहेब."

राजाला फार वाईट वाटलं. मग एका हाताने मुकुट दाबून धरत त्याने मान आणखी उचलली. "कृत्तिका सहा आहेत."

"मला सात दिसतात."

"तू जवळ आहेस," राजा फुरंगटून म्हणाला.

पूर्व तांबडी झाली. तिसरी गोष्ट काही सापडेना. "आभाळात माझं स्वतःचं काय असणार? तिथं माझी जहागीर नाही!" इतक्यात वारा सुटला आणि दोराचे पीळ एकेक करून तुटू लागले.

"आबासाहेब, मला भीती वाटते!"

राजाने दोन्ही हातांनी दोर पकडला आणि सरळ वर पाहिलं. मुकुट घसरला तो गडगडत पायथ्याला गेला. राजाला आधी दोन तळवे दिसले, मग हनुवटी, मग रडवेलं तोंड.

"बाळ, तुझे पुढचे दात कधी पडले?"

"पंधरा दिवस झाले."

राजाला हुंदका आवरेना. त्याच क्षणी दोर तुटला आणि राजकन्या वर न जाता धप्पकन खाली, बापाच्या कवेत आली. दोघेही परातीत पडले. सूर्य उगवला. मुकुट धुळीत पडला होता आणि वंश चिखलात बसून खदखदा हसत होता.

जशी त्या राजाला त्याची लेक दिसली, तशी सगळ्यांना आपापली दिसो.