मयताने फोडलेलं कारीट

"पण खुनी कोण, एवढं तरी सांगाल की नाही?"

निशिकांत काही पिच्छा सोडेना. त्याचे गुरू दाजी कुबल आरशासमोर बसून अंगाला उटणं फासत होते.

नरकचतुर्दशीची पहाट. दरसाल गाणी व्हायची, यंदा मंडळाने विनोदी खूननाट्य ठेवलेलं. दाजींना मयताचं काम, निशिकांतला इन्स्पेक्टरचं. खुनी कोण हे सगळ्या नटांना माहीत, इन्स्पेक्टरला तेवढं नाही. त्याला संहिताच नाही. जागच्या जागी सुचेल ते बोलायचं, लोकांना हसवायचं आणि खुनी धरायचा.

"बरं, नका सांगू. माझी तयारी जय्यत आहे. असे विनोद घोकलेत की लोक खुर्चीवरून पडतील."

दाजींनी उटण्याची वाटी बाजूला ठेवली.

"आज तू पडलास तर पुन्हा मोठं काम नाही," ते म्हणाले. "ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे."

पडदा उघडला. दाजी अंघोळीच्या पाटाशी आडवे. निशिकांत मोठ्या रुबाबात आला आणि त्याने पहिला विनोद टाकला.

कोणी हसलं नाही.

दुसरा टाकला. पुढच्या रांगेतल्या आजोबांनी जांभई दिली. गड्याची पाचावर धारण बसली.

इतक्यात सुनेचं काम करणाऱ्या बाईने रिवाजाप्रमाणे पाटापुढे कारीट ठेवलं. आज हे कडू फळ डाव्या पायाच्या अंगठ्याने फोडायचं, की नरकासुर मेला. कोकणातल्या माणसाला हे सांगावं लागत नाही, पाय आपसूक जातो.

मयताचा डावा पाय उचलला गेला.

फट्!

निशिकांत त्या पायाकडे बघतच राहिला. घोकलेल्यातलं एक अक्षर आठवेल तर शपथ.

"मागे व्हा सगळे," त्याच्या तोंडून निघालं. "ह्यांची अंघोळ राहिलीय. त्याशिवाय ते काही जायचे नाहीत."

असा हशा उठला म्हणता! मग काय, गडी सुटलाच. त्याने ऊन पाणी मागवलं, मयताला तेल लावलं, एकेका संशयिताला पाठ चोळायला बसवलं. शेवटी जावई झालेला नट रडकुंडीला आला.

"साहेब, खून मी केलाय हो."

"खुनाचं नंतर बघू. आधी पाठ चोळा."

आजोबा डोळे पुसत होते. पडदा पडला तरी टाळ्या थांबेनात.

निशिकांत आत धावत आला. आनंद त्याच्या पोटात मावत नव्हता.

"दाजी, कुठून आलं हे सगळं, देव जाणे! तुम्ही पाय मुद्दाम उचललात ना?"

दाजी पंच्याने कान पुसत राहिले...

"पुढचा प्रयोगही माझाच ना?"

दाजींनी मान डोलावली.

"मग सांगा, आता काय घोकून येऊ?"

"मरून ये."