कुंभाराने नाकारलेला भोपळा

एका डोंगराळ गावात एक कुंभार आणि कुंभारीण राहत होती. गावाला नदी नव्हती, होती एक विहीर. कुंभार तिच्यात या काठाहून त्या काठाला पोहायचा आणि तेवढ्यावर स्वतःला पट्टीचा पोहणारा म्हणवायचा. काठ हाताशीच असतो, हे मात्र तो कुणाला सांगत नसे.

कुंभारणीला लहानपणापासून एकच हौस. समुद्राच्या तळाशी प्रवाळांची रंगीत बाग असते म्हणतात, ती एकदा डोळे भरून पाहायची. केस पांढरे झाले तरी हौस गेली नाही. शेवटी कुंभार तिला घेऊन समुद्रावर गेला.

तिथल्या एका नावाड्याने दोघांना नावेतून बागेवर नेलं. डोळ्यांना लावायला काचेचा चष्मा दिला, श्वासासाठी तोंडात धरायची नळी दिली. मग पाठीला बांधायचे सुके भोपळे पुढे करत त्याने विचारलं, "पोवाक येता काय?"

"मला नाही बाई पोहता येत," कुंभारीण म्हणाली आणि तिने भोपळा बांधून घेतला.

कुंभाराने खोल पाण्याकडे पाहिलं आणि नावेची कड घट्ट धरली. पण खरं सांगितलं तर ही घाबरेल, पाण्यात उतरणारच नाही, असं त्याला वाटलं. शिवाय भोपळे बांधतात ती पोहायला शिकणारी पोरं!

"मला कशाला भोपळा?" तो म्हणाला. "मी पट्टीचा पोहणारा."

दोघं उतरली. खाली पिवळे मासे, जांभळी झुडपं. कुंभारीण हरखून गेली. कुंभारही रमला. थोड्या वेळाने त्याचे हात भरून आले, म्हणून विसाव्यासाठी त्याने सवयीने काठाकडे हात टाकला. काठ नव्हता. घाबरून त्याने मान वाकडी केली, नळीत पाणी शिरलं आणि तो गटांगळ्या खाऊ लागला.

कुंभारणीला पाण्याखाली त्याचे पाय वेडेवाकडे हलताना दिसले. डोकं वर काढून ती जिवाच्या आकांताने ओरडली, "नावाडीदादा, धावा हो! आमचे हे बुडतायत!"

कुंभाराने नाकारलेला तोच भोपळा नावाड्याने दोरीला बांधून फेकला. कुंभाराने तो छातीशी कवटाळला आणि नावाड्याने त्याला ओढून नावेत घेतलं. मागोमाग कुंभारणीलाही घेतलं.

ओल्याच पदराने त्याचं तोंड पुसत कुंभारीण म्हणाली, "मला का नाही सांगितलंत?"

"तुझी हौस मोडली असती गं."

"हौस उद्या पुरवता आली असती. तुम्हाला कुठून आणलं असतं मी?"

कुंभाराला रडू फुटलं. अख्ख्या आयुष्यात ती त्याच्यावर इतक्या मायेने रागावली नव्हती.

दुसऱ्या दिवशी पाणी शांत होतं. नावाड्याने विचारायच्या आतच कुंभार चारचौघांत म्हणाला, "मला आपलं विहिरीपुरतं येतं. भोपळा बांधा."

गाठ कुंभारणीने मारली. ओढून पाहिली, पुन्हा ओढून पाहिली. मग हातात हात धरून दोघं नावेच्या जवळच बाग पाहत राहिली.

तात्पर्य: येतं तेवढंच येतं म्हणावं. खरं सांगण्याची लाज घटकाभराची असते, आपलं माणूस मात्र जन्माचं असतं.