सुभेदाराची शंभर मोहरांची कमाई

दसऱ्याला आठ दिवस उरले होते आणि निंबगडच्या उदाजीराजांचे बाराच्या बारा खेळाडू शेजारच्या गावी पळाले!

निंबगडचा खेळ गलचेंडूचा. लांबलचक मैदानात अठरा गली, म्हणजे चेंडू मावेल एवढे खड्डे. वाकड्या काठीने चेंडू हाणत एकेका गलीत घालायचा. ज्याला सगळ्यांत कमी टोले लागले, तो जिंकला. रीत राजाच्या पणजोबांपासूनची. खेळ चार दिवस. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मागे पडलेले निम्मे घरी, हातात नारळ देऊन. शेवटी जो पहिला येईल त्याला राजाच्या हातून मंदील, म्हणजे जरीचं पागोटं, बाकीच्यांना पुन्हा नारळच! खेळाडूंच्या बायका म्हणत, "आमच्याकडे चटणीला खोबरं कधी कमी पडत नाही हो!"

करडईच्या तेलावर गबर झालेल्या गंगाप्पाशेठने हे हेरलं. नदीपलीकडे नवं मैदान केलं, रेशमी तंबू ठोकले, ताशेवाले बसवले आणि दवंडी पिटली: "राजाच्या मैदानावरून जो कोणी आमच्याकडे येईल, त्याला रोजच्या शंभर मोहरा! जिंको, हरो, घरी कुणालाच धाडणार नाही!"

मग काय! सगळ्यांत पुढे धावला तो राजाचा लाडका हैबतराव. सलग पाच वर्षं मंदील त्याचाच.

राजा संतापला. "नांगर आणा! मैदान उकरून मिरची लावतो!"

हे ऐकून केराबाई धनगरीण दरबारात धावत आली. तिची चाळीस मेंढरं त्या मैदानावर चरत. ती चरत म्हणून गवत बोटभर राही आणि चेंडू पळे. मैदान गेलं की तिचा कळप उपाशी.

"सरकार, मिरची लावू नगा! मेंढरं काय तिखट खात्यात व्हय?"

"मग आण माझे खेळाडू परत!" राजा हट्टाने म्हणाला. "पण ऐक. मी बोलावणं धाडणार नाही, शिपाई देणार नाही, नारळावर एक दमडी चढवणार नाही. ते आपल्या पायांनी आले पाहिजेत. दसऱ्याच्या आत! नाहीतर मिरची!"

दरबारी तोंडावर उपरणं धरून हसले. केराबाई नुसती म्हणाली, "बरं सरकार."

दुसऱ्या दिवशी ती आपला दांडगा मेंढा घेऊन नदीपलीकडे हजर झाली. मेंढ्याचं नाव सुभेदार.

"शेठजी, ह्याचं नाव लिवून घ्या."

"बाई, हा मेंढा आहे!"

"व्हय की. पर राजाच्या मैदानावरचा हाय. सात वर्सं रोज तिथंच. तुमच्या ह्या हैबतरावांनी तरी रोज हजेरी दिलीया का, इचारा."

लोक खो खो हसले. शेठजी पडले व्यापारी. गर्दी हसली की त्यांना पुढचं काही दिसत नसे. "लिहा रे नाव! तेरावा खेळाडू, सुभेदार!"

ताशे वाजले. खेळाडू रमतगमत चेंडू मारू लागले. हरलं तरी शंभर मोहरा, मग घाम कशाला गाळा? अकरा जण निम्म्या गली झाल्यावर सरबताला बसले. एकट्या हैबतरावाची जीव ओतून खेळायची सवय जाईना. त्या दिवशी तो असा खेळला की तसा जन्मात खेळला नव्हता. अठरा गली, एकसष्ट टोले!

सुभेदार एका जागी उभा राहून दिवसभर चरला.

संध्याकाळी निकाल. हैबतराव छाती काढून मंचावर आला. हार, शंभर मोहरांची थैली. टाळ्या पडल्या. मग सरबताला बसलेले अकरा आले. हार, थैली. शेवटी सुभेदार. हार, थैली! त्याने मंचावरच हार खाऊन टाकला आणि असा काही जल्लोष झाला की ताशे ऐकू येईनात!

हैबतराव कडाडला, "शेठजी, ह्या जनावराला हाकला! हा खेळलाच नाही!"

"आन् हे सरबतवालं किती खेळलं?" केराबाईने विचारलं. "मेंढा काढायचा तर तेस्नीबी काढा. मागं पडल्यालं निम्मं घरी! ही रीत कुठंतरी ऐकल्यावानी वाटती, न्हाई का?"

शेठजींची पंचाईत! मेंढा काढावा तर दवंडी खोटी पडते, आणि ठेवावा तर...

गर्दीतून कोणीतरी ओरडलं, "अहो हैबतराव! सुभेदाराच्या बरोबरीचे ते तुम्हीच ना?"

दुसऱ्या दिवशी सकाळी हैबतराव निंबगडच्या वेशीत उभा! दुपारपर्यंत बाकीचे अकरा. तिकडे लोक त्यांना नावाने हाक मारीनात, "बँऽऽ" करू लागले होते.

राजा खूश झाला, पण चेष्टेची हुक्की आली. "केराबाई, जिंकलीस! मैदान वाचलं. पण सुभेदार माझ्या मैदानावरचा. त्याच्या शंभर मोहरा खजिन्यात जमा कर."

"करते की सरकार. पर तो काय येकलाच फुटला न्हवता. ह्या बारा जणांनी आपापल्या थैल्या जमा केल्या, की तेराव्याची मी सोता आणून देते!"

बारा हात गपकन कमरेच्या थैल्यांकडे गेले. हैबतराव छताकडे बघू लागला.

राजा एवढा हसला, एवढा हसला, की मंदील घसरून मांडीवर पडला. त्याने केराबाईला मैदानाच्या गवताची पिढीजात सनद दिली आणि मोहरा तिच्याकडेच ठेवल्या.

दसऱ्याला खेळ झाला. मागे पडलेल्यांबरोबर सुभेदारालाही राजाने रीतसर नारळ दिला. त्याने तो तिथेच एका धडकेत फोडला!